अंगणातील भट्टी आणि घरातील ऊब

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळा अत्यंत कडक असतो. तेथील ग्रामीण भागात काही घरांपासून थोड्या अंतरावर, धुराडे असलेली एक लहानशी लोखंडी खोली दृष्टीस पडते. ही पाणी तापविणारी लाकडाची भट्टी होय. आग, राख आणि धूर बाहेर ठेवून केवळ उष्णता घरात आणावी, हा तिचा हेतू.

आपल्याकडील बंबात विस्तवाच्या नळीभोवती पाणी असते. त्याचप्रमाणे या भट्टीतही अग्निपेटीभोवती पाण्याचे वेष्टन असते. मात्र बंबातील पाणी आपण काढून वापरतो. भट्टीतील पाणी हे उष्णतेचे केवळ वाहन आहे. पंपाच्या साहाय्याने ते जमिनीत पुरलेल्या नळातून घरात जाते आणि उष्णता देऊन दुसऱ्या नळाने परत येते.

गरम हवेने ऊबविलेल्या घरात हे पाणी हवेच्या मार्गात बसविलेल्या नळ्यांच्या जाळीतून फिरविले जाते. परंतु घरात गरम पाण्याचीच बंद व दाबयुक्त व्यवस्था असेल, तर अधिक सावधगिरी हवी. पुष्कळ भट्ट्या वातावरणास खुल्या असतात. दोन्ही पाणी थेट जोडल्यास घरातील दाबामुळे भट्टी भरून वाहू लागेल. म्हणून मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांचा उष्णता-विनिमयक बसवितात. पत्र्याच्या एका बाजूने भट्टीचे पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने घराचे. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. भट्टीच्या पाण्यात गंजरोधक रसायने घालतात, त्यामुळे स्नानाचे व पिण्याचे पाणीही असेच अलग राखावे लागते.

खरी परीक्षा जमिनीखालील नळांची असते. दर मिनिटास ४० लिटर पाणी घरात १० अंश सेल्सिअसने निवते असे समजा. प्रत्येक लिटर पाणी प्रत्येक अंशास सुमारे ४.२ किलोजूल उष्णता सोडते. म्हणजे घरास २८ किलोवॅट मिळतात. हेच पाणी वाटेत एका अंशाने निवले, तर २.८ किलोवॅट मातीत मुरतात. याचाच अर्थ, ही ऊब मिळविण्यासाठी जाळलेल्या दर अकरा ओंडक्यांतील एक केवळ माती तापविण्यात खर्ची पडतो. नळांभोवतीचे उष्णतारोधक आवरण भिजले, तर ही हानी आणखी वाढते. म्हणून त्यावर जलाभेद्य कवच अवश्य असावे.

परतणारे पाणीही फार थंड असू नये. ते सुमारे ६० अंशांच्या खाली गेल्यास धुरातील बाष्प अग्निपेटीच्या भिंतींवर द्रवरूप होते, आणि त्यातील आम्ले पोलाद झिजवितात. हे टाळण्यासाठी, परतणाऱ्या पाण्यात थोडे गरम पाणी आपोआप मिसळणारी झडप बसवितात.

धूर घराबाहेर राहिला, तरी तो शेजाऱ्याच्या दारी जातोच. यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये नव्या भट्ट्यांच्या धुरातील सूक्ष्म कणांवर मर्यादा घातली. २०२० मध्ये ती अधिक कडक झाली. तथापि उत्तम भट्टीतही ओले लाकूड धुमसतेच, कारण त्याची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच जाते. म्हणून हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच, लाकूड फोडून वाळत घालण्यापासून सुरू होते.