शाहूपुरीतून घोडदळ घरी आणा: खर्च किती, वेळ किती

दिवाळीच्या किल्ल्यावर सात घोडेस्वार उभे करायचे असतील, किंवा फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर लढाई मांडायचा खेळ घरात सुरू करायचा असेल, तर पहिल्या खेपेला दीड हजार रुपये आणि दोन शनिवार-रविवार बाजूला काढा. कोल्हापुरात सुरुवात करायची ती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन, दोन्ही जवळ आहेत. हंगामात चारचाकी आत नेऊ नका. बाहेर लावा आणि चालत जा. घोडे परत न्यायला पुठ्ठ्याचे खोके आणि जुनी वर्तमानपत्रे घरूनच न्या. बांधणीचे पैसे वाचतील आणि पायही शाबूत राहतील.

पुढचे सगळे भाव अंदाजाचे धरा. आकार, हंगाम आणि तुमची ओळख यांवर ते वर-खाली होतात.

किती घ्यायचे ते आधी ठरवा, मग गल्लीत पाऊल टाका. दुकानात उभे राहून ठरवले की खोके भरते आणि लढाई अर्धीच राहते. सर्वांत सोपा संच सातांचा. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. नेसरी आपल्याच जिल्ह्यातले, गडहिंग्लज तालुक्यातले. सात स्वार, एक खिंड, बस. मोठा बेत असेल तर पागेची तुकडी करा. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद. म्हणजे सव्वीस स्वार आणि दोन पायी माणसे घ्या. बाजारात मिळणाऱ्या भाजीवालीला पखालजी करता येत नाही, पण साध्या मावळ्याच्या खांद्यावर चिंधीची पखाल सहज बसते.

केव्हा जायचे? गणेशोत्सव आटोपेपर्यंत कारागिरांना बोलायलाही फुरसत नसते. त्यानंतर नवरात्राच्या देवी. मावळे आणि घोडेस्वार दसऱ्याच्या सुमारास बाहेर मांडले जातात. तुम्हाला हवा असतो तो कोरा माल, म्हणजे न रंगवलेला. आणि तो मांडलेल्या फळीवर नसतो. अनंत चतुर्दशी झाली की जा आणि सरळ विचारा, “मामा, घोडेस्वार कोरे मिळतील का? सात पाहिजेत.” दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर रंगवलेलेच उरतात आणि भावही ताठ असतो. भाऊबीजेनंतर मात्र उरलेला माल उतरत्या भावात मिळतो. पुढच्या वर्षाचे घोडे तेव्हाच घेऊन ठेवणे सगळ्यात स्वस्त. शाडूचे असतील तर कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा.

कागदपत्रे काहीही लागत नाहीत. मोठी मागणी नोंदवत असाल तर इसार निम्म्याहून जास्त देऊ नका. पावती हाताने लिहिलेली असली तरी चालेल, पण तिच्यावर चार गोष्टी हव्यात: संख्या, आकार इंचात, कोरा की रंगवलेला, आणि माल कधी मिळणार. “छोटा” आणि “मोठा” हे शब्द पावतीवर येऊ देऊ नका.

निवडताना घोडा उलटा करून तळ बघा. वरून रंग असला तरी तळ बहुधा उघडा असतो. पांढराशुभ्र आणि हलका असेल तर प्लास्टर. करडा-मातकट आणि जड असेल तर शाडू. प्लास्टरवर बारीक काम नीट उठते. शाडू हाताळताना जपावे लागते, पाणी लागले की तो विरघळतो. पण पुढे विसर्जनाची चिंता नाही. चारही पाय सुटे असलेला, उधळलेला घोडा दिसतो छान आणि मोडतो पहिला. पोटाखाली टेकू असलेला किंवा तळाच्या ढिगाऱ्यात पाय रुतलेला घोडा घ्या. टेकूला नंतर झुडपासारखा हिरवा रंग द्या, म्हणजे तो दिसतच नाही. भाला मातीत ओतलेला असेल तर तो दुकानातच मोडला असे समजा. घरी उदबत्तीची काडी बसवा, फुकट काम होते. निशाणाला तांब्याची तार, आणि फेविकॉलच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कापडाचा तुकडा.

खर्चाचा हिशेब असा. चार-पाच इंची कोरा स्वार ८० रुपयांना धरला तर सातांचे ५६०. ॲक्रिलिक रंगाच्या लहान बाटल्या आठ, २८०. ब्रश तीन, २००. पांढरा प्रायमर १५०, मॅट वॉर्निश १२०, तळासाठी एमडीएफचे तुकडे १००, तार-कापड-गोंद ५०. बेरीज १,४६० रुपये. तोच स्वार रंगवलेला घेतला तर साधारण २०० पडतो, म्हणजे सातांचे १,४००. थोडक्यात, पहिल्या खेपेला स्वतः रंगवून एक रुपयाही वाचत नाही. वाचतो तो दुसऱ्या खेपेपासून: रंग, ब्रश, वॉर्निश उरलेले असते आणि सात स्वार सातशेच्या आसपास बसतात. पंचवीसांच्या तुकडीत फरक दीड हजाराच्या वर जातो. हे आधी सांगतो, कारण “स्वस्त पडेल” म्हणून उत्साहाने सामान आणून ते माळ्यावर टाकणारे पुष्कळ.

सामान घेताना पैसे ब्रशवर खर्च करा. रंग साधे चालतात. कॅमल किंवा फेविक्रिलचे ॲक्रिलिक या आकाराला पुरेसे आहेत. वायेहो वगैरे परदेशी मॉडेल-रंगांची अठरा मिलीची बाटली अडीचशे-तीनशेला पडते आणि तिची गरज फक्त बोटभर उंचीच्या शिपायांना असते. पोस्टर कलर घेऊ नका. ओला हात लागला की तो उतरतो, आणि किल्ल्यावर पणतीचे तेल, पाणी, मुलांचे हात सगळेच येते. ऑइल पेंटही नको. तो चकाकतो आणि चेहऱ्याच्या रेघा बुजवतो. ब्रश गोल घ्या: एक चार नंबर, एक दोन, एक शून्य. टोक फार मऊ नको, पाण्यात बुडवून झटकल्यावर सुईसारखे एकत्र आले पाहिजे. दुकानदाराला पाणी मागा आणि तिथेच बघा. छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावला तर देऊ नका.

आता वेळ. पाच इंची स्वाराला एकूण तास-दीड तास लागतो, पण तो एका बैठकीत देऊ नका. सातही एकत्र रंगवा: आधी साती घोडे, मग सातांची खोगिरे, मग कपडे, शेवटी चेहरे. एकेक पुरा करत बसलात तर प्रत्येक वेळी रंग नव्याने कालवावा लागतो. पहिल्या दिवशी सुक्या ब्रशने धूळ झाडा, साच्याच्या जोडाची रेघ बारीक पॉलिश पेपरने घासा आणि प्रायमर द्या. हे टाळलेत तर प्लास्टर रंग पिऊन टाकते आणि दोन बाटल्या जास्त जातात. फेविकॉलमध्ये चौपट पाणी घालून दिलेला हातही प्लास्टरवर चालतो. शाडूला मात्र ते पाणी मानवत नाही, तिथे घट्ट प्रायमरच पातळ थरात द्या. प्रत्येक थर रात्रभर वाळू द्या. स्प्रे वापरणार असाल तर पावसाळी हवेत वापरू नका. दमट हवेत वॉर्निश पांढुरके पडते आणि सगळी मेहनत धुरकटते.

घोड्यांच्या रंगावर थोडे थांबतो, कारण फळीवरची घोडदळे इथेच फसतात. सगळे घोडे पांढरे, सगळी खोगिरे लाल, सगळ्या पगड्या भगव्या. शिवकाळच्या स्वारांना एकसारखा गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. म्हणून शिलेदारांच्या तुकडीत तर दोन घोडे सारखे दिसताच कामा नयेत. सातांत दोन कुमाईत करा: अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. एक तांबडा, ज्याची आयाळ अंगाच्याच रंगाची. एक करडा, नाकाशी गडद. एक काळा, पण काळ्यात थोडा तपकिरी मिसळा, नाहीतर घोड्याचे स्नायूच दिसत नाहीत. एक अबलख, मोठे पांढरे पट्टे. आणि प्रतापरावांसाठी पंचकल्याणी: चारही पाय आणि कपाळ पांढरे. पाय पांढरा असेल तिथे खूर फिकट, शिंगाच्या रंगाचा. पाय गडद तिथे खूरही गडद. या एका गोष्टीने घोडा खरा वाटू लागतो आणि तिला खर्च शून्य. तंग, लगाम, दुमची हे चामड्याचे, म्हणून तपकिरी. रिकीब लोखंडी: काळ्यावर चांदीच्या रंगाचा पुसट हात. खरी शस्त्रे बघायची असतील तर न्यू पॅलेसमधले शहाजी छत्रपती म्युझियम बघून या, वही-पेन्सिल घेऊन.

खरा चालणारा शॉर्टकट एकच. सगळे रंग वाळले की गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि स्वारावरून फिरवा. घड्यांमध्ये, आयाळीत, लगामाखाली तो साचतो आणि सावल्या आपोआप पडतात. उंचवट्यांवरचा लगेच टिपून घ्या. सातांना अर्धा तास. शाडूवर हे करायचे तर रंगाचा थर सलग हवा. एखादी फट राहिली तर आत पाणी शिरते.

डोळे जमत नसतील तर ओढूनताणून करू नका. मूर्तिकामात रेखणी ही वेगळी कला आहे आणि तिचे पैसे वेगळे असतात. स्वार बाकी पूर्ण रंगवा आणि फक्त चेहरे कारागिराकडून करून घ्या. एका चेहऱ्याला वीस-तीस रुपये गेले तरी ते योग्य आहेत. पूर्ण रंगकाम बाहेर देणार असाल तर आधी विचारा: भावात रेखणी धरली आहे का, वॉर्निश धरले आहे का, निशाण-भाले कोणाचे, आणि वाहतुकीत पाय मोडला तर कोण जोडणार. मोडका पाय तुम्हीच जोडायचा झाला तर एम-सील वापरा. फेविक्विक इतक्या लवकर धरते की पाय वाकडा बसला तर सरळ करायला वेळच मिळत नाही.

टेबलावरच्या लढाईसाठी गल्लीतला पाच इंची स्वार मोठा पडतो. तिथे चालतो तो २८ मिलिमीटरचा, म्हणजे माणूस टाचेपासून डोळ्यापर्यंत तेवढा उंच. किंवा त्याहून लहान, बहात्तरास एक या प्रमाणातला. स्वाराचा तळ साधारण २५ बाय ५० मिलिमीटर. हा माल बहुतेक परदेशातून येतो. “मराठा” म्हणून विकले जाणारे शिपाई बरेचदा १८०३ च्या असईच्या लढाईचे असतात, कारण तिकडच्या खेळाडूंना इंग्रज सेनापती वेलस्लीची मोहीम खेळायची असते. सव्वाशे वर्षांनी पुढचे ते स्वार नेसरीत उभे करू नका. मागवण्याआधी काळ विचारून घ्या.

छुपा खर्च सगळ्यात जास्त इथेच. किमतीवर टपालखर्च, मग कस्टम ड्युटी, मग कुरिअर कंपनीची हाताळणी फी. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पार्सलवर नेमका कोणता दर लागेल हे कुरिअरकडून लेखी घ्या आणि घरपोच खर्च छापील किमतीच्या दुप्पट धरून चला. पार्सल सोडवायला ओळखपत्र मागतात. आधार, पॅनच्या प्रती तयार ठेवा आणि त्या फक्त कंपनीच्या अधिकृत पोर्टलवरच द्या, फोनवर आलेल्या लिंकवर नाही. जुने ओतीव धातूचे घोडे कुणी स्वस्तात देऊ केले तर त्यात शिसे असू शकते. लहान मुलांच्या हाती देऊ नका. घासताना मास्क लावा आणि काम झाल्यावर हात धुवा. थ्री-डी प्रिंट करून घेणे हा मधला मार्ग आहे. भाव ठरवताना रेझिन धुऊन, प्रकाशात पक्के करून, आधाराच्या काड्या काढून देणार का, ते विचारा. नाहीतर ते काम तुमच्या गळ्यात पडते.

पहिल्याच वर्षी २८ मिलिमीटरच्या मागे लागू नका. कुंभार गल्लीचे सात घ्या, घोड्यांचे रंग वेगळे ठेवा, चेहरे कारागिराकडून करून घ्या. ऑनलाइन मागवलेला माल मोडका आला किंवा इसार बुडाला तर पावती आणि खोके उघडतानाचे फोटो जवळ ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.