‘आयएमपी’ची यादी आणि मराठीचा पेपर

सिंदी (रेल्वे) इथून एक वाचक लिहितात : आमची मुलगी यंदा दहावीला आहे. मराठीच्या पेपरात कोणत्या कविता येणार, कोणता निबंध पडणार, याच्या ‘आयएमपी’ याद्या आतापासूनच पोरांच्या मोबाइलवर फिरताहेत. मागच्या वर्षीच्या यादीतलं बरंचसं आलं होतं म्हणतात. पेपर फुटलेला नसताना हे यांना आधी कळतं कसं? आणि पोरीनं तेवढंच केलं तर भागेल का?

उत्तर : कुणालाच काही कळलेलं नसतं, तरी यादी लागते. ही सगळी करामत मोजणीची आहे. समजा अभ्यासाला दहा कविता आहेत आणि पेपरात त्यातल्या तीन दिसणार आहेत. पुस्तक न उघडता मी कोणत्याही पाच कवितांची नावं लिहून दिली, तर त्यातली निदान एक पेपरात असण्याची शक्यता बारात अकरा इतकी भरते. म्हणजे ‘सरांनी सांगितलेली कविता आली’ हे वाक्य बारा वर्षांत सरासरी अकरा वेळा खरं ठरणार. तिन्हीच्या तिन्ही कविता माझ्या पाचांत असण्याची शक्यता मात्र बारात एक. पेपर सुटल्यावर शाळेच्या फाटकाशी चर्चा होते ती लागलेल्या कवितेची. हुकलेल्या दोन कोण मोजतो?

‘गेल्या वर्षी आली, म्हणजे यंदा नाही’ हा दुसरा ठोकताळा. त्याच्यावर विसंबून एखादी कविता सोडून देणं म्हणजे उगाच जोखीम घेणं. पेपर काढण्याचं काम गोपनीय असतं. छापलेली सीलबंद पाकिटं परिरक्षक केंद्रात राहतात आणि तिथून परीक्षेच्या दिवशी केंद्रावर येतात. मोबाइलवर यादी पाठवणारा आणि ती वाचणारा, दोघांनाही सारखीच माहिती असते.

मग यादीत बरोबर काय असतं?

पेपरचा साचा. तो राज्य मंडळानेच जाहीर केलेला आहे, त्यात गुपित काही नाही. दहावीच्या ‘कुमारभारती’ या मराठीच्या पुस्तकावरची लेखी परीक्षा ८० गुणांची, बाकीचे २० शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. कृतिपत्रिकेचे, म्हणजे या पेपरचे, विभाग पाच : गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४.

हेच ८० गुण आता जरा वेगळ्या तऱ्हेने मांडू.

कोणता पाठ किंवा कविता आली याच्याशी ज्यांचा संबंधच नाही, असे गुण आधी वेचू. अपठित उतारा ४, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. झाले ४४. निम्म्याहून जास्त पेपर इथेच संपला.

त्यानंतर पठित गद्याचे दोन उतारे, प्रत्येकी ७ गुणांचे, आणि ८ गुणांची एक कविता. हे झाले २२. हे उतारे आणि ही कविता पेपरातच छापलेली असते. चौकटी भरायच्या, आकृतिबंध पुरा करायचा, तो समोरचा मजकूर वाचून. पाठ वर्षभर वाचलेला असेल तर हात भरभर चालतो, पण ओळी तोंडपाठ असण्याची गरज नाही.

उरले १४. मुद्द्यांच्या आधारे कवितेविषयी लिहायचे ४, रसग्रहणाचे ४ आणि स्थूलवाचनाचे ६. आठवणीतून उत्तर उभं करायचं ते एवढ्यापुरतंच. त्यातही सूट आहे : मुद्द्यांच्या प्रश्नात दोन कवितांपैकी एक निवडता येते आणि स्थूलवाचनात तीनपैकी दोन कृती सोडवायच्या असतात. यादीचा सगळा बाजार भरतो तो या १४ गुणांवर, आणि पोरं मात्र ८० गुणांची झोप त्यापायी घालवतात.

आमच्या वेळी तर ‘अपेक्षित’वरच पास होत होते!

होत होते, कारण तेव्हाचा पेपर तसा होता. संदर्भासहित स्पष्टीकरण, कोण कोणास म्हणाले, थोडक्यात उत्तरे लिहा. उतारा समोर नसायचा, सगळं डोक्यातून काढावं लागायचं. अशा पेपरात ‘२१ अपेक्षित’ या प्रश्नसंचांच्या पुस्तकातला नेमका प्रश्न पडला की लॉटरीच. आज आईवडील त्याच अनुभवातून सल्ला देतात आणि मुलगी वेगळाच पेपर द्यायला जाते.

साचा बदलला की काय होतं, ते मार्च २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. ‘कुमारभारती’च्या नव्या पुस्तकावरची ती पहिली परीक्षा, आणि त्याच वर्षी भाषांचे अंतर्गत २० गुण काढून घेतलेले. दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते २० गुण परत आले. म्हणून साल सुरू झालं की पहिल्यांदा साचा तपासायचा.

म्हणजे प्रश्नांचा अंदाज बांधूच नये?

जरूर बांधावा, फक्त पेपर काढणाऱ्याच्या खुर्चीत बसून. त्याची अडचण काय असते ते पाहा. त्याला पाठातून असा तुकडा उचलावा लागतो की ज्यात आकलनाच्या दोन कृती, प्रत्येकी २ गुणांच्या, निघतील आणि ३ गुणांचं स्वमत मागता येईल. सगळे परिच्छेद या कामाचे नसतात. ज्यात चार-पाच गोष्टींची मांडणी आहे, दोन गोष्टींची तुलना आहे, कारण आणि परिणाम आहे, तो परिच्छेद त्याच्या नजरेत भरतो.

दुर्गा भागवतांचा ‘वसंतहृदय चैत्र’ घ्या. १९५६ साली आलेल्या ‘ऋतुचक्र’ या पुस्तकातला हा लेख. त्यात चैत्रातली झाडं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची पालवी, फुलोरा, रंग निराळा. असा मजकूर पाहिला की ‘झाड आणि त्याचं वैशिष्ट्य’ अशी जोडी किंवा तक्ता सुचतोच. स्वमत कशावर विचारतील? निसर्गाच्या निरीक्षणावर. यासाठी गाईड चाळण्यापेक्षा मुलीला सिंदीच्या शिवारात नेऊन पिंपळ आणि पळस दाखवा. परीक्षेच्या दिवसांत पळस फुललेलाच असतो. ‘माझ्या परिसरातील झाड’ अशा वळणाचं स्वमत आलं तर तिच्याजवळ लिहायला स्वतःचं काहीतरी असेल.

वि. स. खांडेकरांच्या ‘गवताचे पाते’ या रूपककथेचं उदाहरण याच्या उलट. तिथे याद्या काढायला फारसं काही नाही. गळून पडणारं पान आणि त्याच्या आवाजाने झोपमोड झालेलं पातं, एवढीच पात्रं. पण कथेचा कणा एकच आहे : दोन पिढ्यांतलं अंतर. स्वमताचा प्रश्न कसाही फिरवला तरी या कण्याला चिकटूनच येणार. म्हणून एक पाठ वाचून झाला की मुलीला एवढंच विचारा, ‘या पाठाचा कणा एका वाक्यात सांग.’ ते वाक्य सापडलं की त्या पाठावरची बहुतेक स्वमतं तिच्या आवाक्यात येतात.

रसग्रहणाचं काय? ते पाठ करावं का?

तयार रसग्रहण पाठ केलं आणि दुसऱ्याच ओळी आल्या, तर पाठ केलेलं आठवत बसण्यात वेळ जातो. रसग्रहणाचे तीन दरवाजे कायमचे आहेत : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. द. भा. धामणस्करांच्या ‘वस्तू’ या कवितेवर ते उघडून पाहू.

आशय : निर्जीव वस्तूंनाही माणसासारखं जपावं, असं कवी सुचवतो. काव्यसौंदर्य : वस्तूंना मन असल्यासारखं बोलल्यामुळे, माणसाने माणसाशी कसं वागावं हेही न सांगता कळतं. भाषा : मुक्तछंद, साधे घरगुती शब्द, अचेतनाला चेतनाचे गुण दिलेले. प्रत्येक दरवाजासाठी दोन-तीन वाक्यं, आणि त्यातलं एक तरी स्वतःच्या घरातलं हवं. आजोबांचा जुना अडकित्ता कोनाड्यात का जपून ठेवलाय, हे मुलीने लिहिलं तर परीक्षकाला तिनं कविता वाचल्याचं कळतं. या पद्धतीने सगळ्या कविता एकदा हाताखालून घातल्या की कोणती कविता येणार, ही काळजीच मिटते.

निबंधाची आणि बातमीची यादी तरी धरावी?

उपयोजित लेखनाच्या २४ गुणांत पत्र किंवा सारांश ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी कोणत्याही दोन मिळून १०, आणि निबंध ८. सारांश करायचा तो पहिल्या प्रश्नातल्या अपठित उताऱ्याचाच, हे पुष्कळ मुलं शेवटपर्यंत विसरलेली असतात.

निबंधात प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक असे पर्याय मिळतात. विषय ओळखत बसू नका, प्रकार पक्के करा. ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ पाठ करून नेणारी मुलं प्रत्येक केंद्रावर असतात आणि तपासणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच ते उमगतं. सिंदीच्या मुलीजवळ तर स्वतःचा ऐवज आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, तुमच्या गावात मोठमोठे लाकडी नंदी निघतात. त्यातल्या एका नंदीचं आत्मकथन तिने घरी एकदा लिहून पाहावं. त्याच प्रसंगाची बातमीही करावी : ‘सिंदीत चिमुकल्यांच्या नंदींनी वेधले लक्ष’ असं शीर्षक, त्याखाली ठिकाण, दिनांक, वार्ताहर, मग काय, कुठे, केव्हा, कोणाच्या उपस्थितीत घडलं ते, भूतकाळात, तृतीय पुरुषात, आणि मध्ये ‘मला खूप मजा आली’ न घालता. एकाच अनुभवातून दोन प्रकार हाताला बसतात. पेपरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं तरी चौकट तीच राहते.

परीक्षेला थोडेच दिवस उरलेत. आता काय करावं?

रोज एक काम. पुस्तक कुठेही उघडा, बारा-पंधरा ओळींना पेन्सिलीने कंस करा आणि मुलीला म्हणा, ‘यावर सात गुणांचा प्रश्न काढ.’ तिने काढलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी तिनेच सोडवायचा. प्रश्न काढता आला म्हणजे पाठ कळला. अडखळली तर तो पाठ पुन्हा वाचायचा. मराठी वाचता येणारं घरातलं कुणीही हे करून घेऊ शकतं, त्याला ट्यूशन लागत नाही.

प्रश्नसंचांचं पुस्तक घरात असेल तर त्यातली उत्तरं वाचू नका. संच घड्याळ लावून सोडवायला घ्या. २०२३ पासून पेपर आधी हातात देण्याची दहा मिनिटं बंद झाली आणि ती वेळेच्या शेवटी जोडली गेली. तेव्हा पेपर वाचायचा वेळ आता लिहिण्याच्या वेळेतूनच काढावा लागतो. पहिली पाच मिनिटं पूर्ण पेपर नजरेखालून घालून कोणती कविता आणि कोणता निबंध घ्यायचा ते ठरवायचं, मग लिहायला लागायचं. याचा सराव घरी दोन-तीनदा तरी झाला पाहिजे.

आणि ती यादी? मुलीच्या मोबाइलवर असेल तर असू द्या. फक्त तिला सांगा, त्यातल्या कविता शेवटी वाच. यादीत नसलेल्या कविता वाचायच्या राहून जातात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.