गॅस भरण्याआधी

चंद्रपूर

चि. निखिल,

नवतपा लागायच्या आधीच नागपुरात एसीच्या गाड्यांची रांग लागते. येणारा प्रत्येक जण तुला सांगेल, "एसी गार होत नाही, गॅस भरून द्या." त्यातलं पहिलं वाक्य नीट ऐक, दुसरं सोडून दे. गार होत नाही हे लक्षण झालं. ते गाडीत बसणाऱ्याला आपल्याहून चांगलं कळतं. गॅस कमी आहे हे निदान झालं, आणि ते करणं तुझं काम आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून कूलिंग कॉइलमध्ये गेला की आतल्या हवेची उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. म्हणजे तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे. कमी झाला नसेल तर दोष दुसरीकडे आहे. दोन्ही वेळा नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारणं.

म्हणून गेज काढायच्या आधी विचार, गार होणं नेमकं कधी थांबतं? वर्धा रोडवर जामठ्यापर्यंत गार आणि सीताबर्डीच्या सिग्नलला गरम, असं असेल तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. आधी पंखा फिरतो का ते बघ. मग कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघ. उन्हाळ्यात तिथे धूळ, किडे आणि सावरीचा कापूस मिळून नमदा बसलेला असतो, आणि पुढच्या जाळीतून तो दिसतही नाही. सुरुवातीला गार, मग झोत मंद होत जातो आणि गाडी थोडी बंद ठेवली की पुन्हा ठीक, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. केबिन फिल्टर आणि कॉइलचा सेन्सर बघ. इंजिन तापल्यावर कॉम्प्रेसर सुटत असेल तर क्लचची फट आणि रिले तपास. बोनेटखालचा परतीचा पाइप हाताला गारठलेला लागतो आणि आत मात्र कोमट हवा येते, तर डॅशबोर्डमधली गरम-गार मिसळणारी झडप अडकली आहे. यातल्या एकाही गाडीला गॅस नको होता.

तू म्हणशील, एवढं विचारत कशाला बसायचं, गेज लावला की कळतंच. कळतं, पण गेज काय सांगतो आणि काय सांगत नाही हे माहीत असेल तरच. गाडी बंद आणि बाहेर २५ अंश असताना एसीतल्या आर-१३४ए गॅसचा दाब ८० पीएसआयच्या आसपास असतो. ४५ अंशांना तोच १५० च्या पुढे जातो. त्यावरून आत थोडा तरी द्रव गॅस शिल्लक आहे एवढंच ठरतं, किती आहे ते नाही. गाडी चालू करून दोन्ही बाजू एकत्र वाच. दोन्हीकडे दाब कमी, तर गॅस कमी किंवा वाटेत कुठे अडथळा. दोन्हीकडे जास्त, तर कंडेन्सर तुंबलेला, गॅस जादा किंवा आत हवा शिरलेली. खालच्या बाजूला जास्त आणि वरच्या बाजूला कमी, तर कॉम्प्रेसरवर संशय घे. म्हणजे बहुतेक आकड्यांना किमान दोन अर्थ आहेत, आणि दुसऱ्या पुराव्याशिवाय त्यातला एक निवडता येत नाही. नागपूरचंच उदाहरण घे, ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. शहराजवळच्या दुसऱ्या केंद्रांवर तेव्हा पारा ४४ च्या घरात होता. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं. एकट्या आकड्यावर विसंबलं की असं होतं.

काही जुने कारागीर म्हणतील, रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा गॅस झिरपतोच, मग दरवर्षी भरला तर बिघडलं कुठे? झिरपतो हे खरं. पण त्याचा परिणाम जाणवायला वर्षं लागतात. एका उन्हाळ्यात गारवा जाण्याइतका गॅस कमी झाला तर ते लीकेजच. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि जोडावर काळा चिकट डाग दिसतो. तिथे साबणाचं पाणी लाव. दिसलं नाही तर नायट्रोजनने दाब देऊन बघ. दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल काढ, आणि बोनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढाच गॅस वजन करून भर. अंदाजाने वरून टाकलेला जादा गॅस नागपूरच्या उन्हात वरचा दाब इतका चढवतो की कॉम्प्रेसर कट होतो, किंवा कायमचा जातो. शिवाय बाहेर गेलेला आर-१३४ए वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. गळकी गाडी भरत राहणं म्हणजे उन्हाळ्यात आपणच भर घालणं.

उरला धंद्याचा प्रश्न. शेजारचा अर्ध्या तासात गॅस भरून देतो, गिऱ्हाईक तिकडे जाईल, ही भीती खोटी नाही. मे महिन्यात दुपारी कोणाला धीर नसतो. पण त्यावर उपाय घाईचा नाही, हिशेबाचा आहे. तपासणीचे पैसे वेगळे सांग, आधी सांग, आणि काय सापडलं ते गिऱ्हाइकाला बोनेट उघडून दाखव. तुंबलेला कंडेन्सर धुवून काम भागलं तर तेवढंच बिल कर. आणि ४६ अंशांत उभी राहिलेली गाडी पाच मिनिटांत हिवाळ्यासारखी होणार नाही, हेही तोंडावर सांग. चांगल्या एसीलाही मर्यादा असते आणि ती न सांगितल्याने धडधाकट गाड्या परत येतात. काही गिऱ्हाइकं तरीही निघून जातील, जाऊ दे. जी राहतील ती पुढच्या वर्षी दुसऱ्या गाड्या घेऊन येतील. सध्या एक कर, प्रत्येक गाडीचं लक्षण, दोन्ही दाब, बाहेरचं तापमान आणि शेवटी सापडलेला दोष वहीत लिहून ठेव. पावसाळ्यात इकडे येशील तेव्हा ती वही घेऊन ये, बसून बघू.

तुझा
मामा