लाइन गेली की सिग्नलचा हात आडवा झाला पाहिजे

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला माणूस आधी इंजिन घेतो, मग डबे, मग रूळ. सिग्नलची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा होतो आणि सिग्नल उरल्यासुरल्या सामानातून होतात. याला माझी हरकत नाही. माझ्या मांडणीतले सिग्नल छत्रीच्या काड्या, इंजेक्शनच्या सुया आणि भंगारातले स्टॅबिलायझर यांतूनच उभे राहिलेत. हरकत आहे ती सिग्नलला शोभेची वस्तू समजण्याला. झाड वाकडं लागलं तरी चालतं. सिग्नलनं गाडीला चुकीचं सांगितलं तर मांडणीतला सगळा खेळच खोटा होतो.

मी मांडलंय ते पूर्णा जंक्शन, मीटर गेजच्या दिवसांतलं. निजामाच्या काळातल्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग. परभणीकडून येणारा, नांदेडकडे जाणारा आणि हिंगोली–वाशिममार्गे अकोल्याला निघणारा असे तीन फाटे इथं मिळतात. अकोल्याचा फाटा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि छोट्या गाड्या संपल्या. मीटर गेज निवडण्यामागे आठवणींइतकाच हिशेबही आहे. एचओ प्रमाण म्हणजे १:८७. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात सव्वाएकोणीस होतात, पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, म्हणजे युरोपातल्या १४३५च्या गेजचे. आपली गाडी त्यावर बारीक चालीची दिसते. मीटर गेजचे होतात साडेअकरा, आणि १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अर्धा मिलिमीटर डोळ्याला कळत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. चालते सिग्नल, फाटक, दिव्यांचे खांब असलेली एवढी मोठी मांडणी आपल्याकडे दुसरी क्वचितच. या नादाला लागणाऱ्यानं आधी तिथं जाऊन गाड्यांऐवजी सिग्नल बघत उभं राहावं.

माझ्या पहिल्या सिग्नलांना मी सर्व्हो मोटर लावल्या होत्या, त्या निळ्या, स्वस्त, विमानांच्या मॉडेलमध्ये असतात त्या. दिसायला फार देखणं काम. हात सावकाश खाली यायचा, टोकाला किंचित हिंदकळायचा, अगदी खऱ्यासारखा. पूर्ण्यालाच केबिनवर नोकरी काढलेले एक निवृत्त काका बघायला आले. स्टेशनात घेणारा होम सिग्नल पडला, म्हणजे हात खाली आला, मालगाडी फलाटाला लागली आणि नेमकी लाइन गेली. काकांनी मोबाइलची बॅटरी सिग्नलवर मारली.

“सर, गाडी आत आली, लाइन गेली, अन् हात अजून खालीच? ह्याच्या भरवशावर मागून दुसरी आली म्हणजे?”

सर्व्होचा दोष असा, की वीज गेल्यावर ती आहे तिथं थांबते. आतली दंतचक्रं तिला हलू देत नाहीत. खऱ्या सिग्नलचं उलट असतं. हात खाली म्हणजे मार्ग मोकळा, आडवा म्हणजे धोका. तार ओढून धरली आहे तोवरच हात खाली. तार तुटली की वजनानं हात आडवा. ही रीत रेल्वेला फुकट मिळालेली नाही. इंग्लंडात ॲबट्स रिप्टन इथं २१ जानेवारी १८७६ ला हिमवादळात बर्फ साचून सिग्नलचे हात ‘मार्ग मोकळा’ दाखवतच गोठले आणि एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली. तोवर तिथं हात एरवी मोकळाच ठेवत आणि गरजेपुरता आडवा करत. त्या अपघातानंतर उलटं ठरलं: एरवी धोका, आणि गाडीपुरता मोकळा. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली पेटंट घेतलेला ट्रॅक सर्किटही याच विचाराचा. रुळातून प्रवाह वाहतोय तोवर रिले उचललेली; गाडी आली, रूळ तुटला, बॅटरी संपली, की रिले पडते आणि सिग्नल लाल.

आमच्या परभणीत बर्फ नाही, पण काळ्या मातीची धूळ आहे. ती सुईच्या बिजागरीत बसली की दीड सेंटिमीटरचा हात जिथल्या तिथं अडकतो. म्हणून हाताच्या आपल्या वजनावर विसंबू नका. या आकाराला ते पुरत नाही. खांबातून एक बारीक तार प्लायवूडखाली उतरवा. तिथं आडवी पट्टी, आणि पट्टीला नटबोल्टाचं वजन अशा बाजूनं, की मोकळं सोडलं तर वरचा हात आडवा होईल. हात खाली आणण्यासाठी पट्टी ओढायची, तीही दोऱ्यानं. कडक तार लावली तर अडकलेली यंत्रणा हाताला खालीच धरून ठेवते. दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. नेमकं तेच हवंय.

ओढायला काय? जुन्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधल्या १२ व्होल्टच्या रिले. आपल्याकडे एकेकाळी फ्रिज आला की शेजारी स्टॅबिलायझर यायचाच, त्यामुळे भंगारात तोटा नाही. प्लास्टिकचं टोपण कापलं की आतली लोखंडी जीभ दिसते. ती जेमतेम एक मिलिमीटर हलते; तरफेचा लांब हात लावून ती चाल वाढवायची. कॉइल साधारण ३० मिलिअँपिअर घेते, तापत नाही, आणि वीज गेली की सोडून देते. कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका, नाहीतर मागचा ट्रान्झिस्टर मरतो. चाल सर्व्होइतकी मऊ नसते, हात खटकन पडतो. तरफेच्या खिळ्यावर घट्ट ग्रीसचा ठिपका दिला की थोडी नजाकत येते. मी सगळ्या सर्व्हो काढल्या. ज्यांना त्या ठेवायच्याच आहेत त्यांनी निदान त्यांचा ५ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा ठेवावा, ग्राउंड मात्र एकच. कंट्रोलरच्या बोर्डवरूनच वीज दिली तर दोन सर्व्हो एकदम हलताच तो बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि सगळे हात झटके देतात.

बत्तीचं काम सोपं वाटतं, तिथंच लोक बिघडवतात. हाताच्या सिग्नलमध्ये, म्हणजे सेमाफोरमध्ये, रॉकेलचा दिवा असे. ज्योत पिवळसर, म्हणून हिरवा दिसायला काच निळसर लावत. मॉडेलमध्येही पिवळट पांढरा एलईडी मागे ठेवा, पुढे गोळ्यांच्या पाकिटाच्या पारदर्शक प्लास्टिकवर लाल आणि निळसर हिरवा ग्लास पेंट द्या. रात्रीचा रंग अगदी जुन्या स्टेशनचा येतो. वायर मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली, केसाएवढी एनॅमलची. टोकं खरवडल्याशिवाय डाख धरत नाही. आणि उजेड कमी करा. १२ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर पाऊण-एक मिलिअँपिअर जातो, तेवढं पुरे. रंगीत दिव्यांचे नवे सिग्नल करणार असाल तर हिरवा वर, पिवळा मध्ये, लाल खाली. लाल ड्रायव्हरच्या डोळ्याच्या सर्वांत जवळ. आजकालचा हिरवा एलईडी लालपेक्षा खूपच प्रखर असतो, त्याला रेझिस्टर चारपट मोठा लागतो. ५ मिलिमीटरचा एलईडी वापरायचा मोह होईल. १:८७ मध्ये ते ४३ सेंटिमीटरचं भिंग झालं, खरं असतं त्याच्या दुप्पट.

आता सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. होम सिग्नल कोणत्या मार्गाचा पडला आणि सांधा कुठं लागलाय, यांचं भांडण होता कामा नये. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा सिग्नल मिळाला होता आणि सांधा बाजूच्या लूप लाइनला लागलेला होता. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये आधी झालेल्या कामातल्या त्रुटी पुढे आल्या. अडीचशेहून अधिक माणसं गेली. आपल्या टेबलावर फार तर एक इंजिन खाली पडेल, पण उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्याला कारण नाही. सांध्याच्या जिभेला मायक्रोस्विच लावा आणि रिलेचा प्रवाह त्यातूनच न्या. जीभ पूर्ण टेकली तरच सर्किट पुरं होईल. अर्धवट सांधा म्हणजे आडवा हात, बटण कितीही दाबा. खांबाला दोन हात असतील तर मेन लाइनचा उंच, लूपचा बुटका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण छंदाची पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. ग्लू गननं चिकटवलेलं काहीही मऊ पडतं. माझा एक स्टार्टर, म्हणजे गाडी सोडायचा, सिग्नल दुपारभरात पेंगुळल्यासारखा कलला होता. इपॉक्सी वापरा, नाहीतर स्क्रू. रुळांना मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट सोडा, थंडीत कापत असाल तर नक्कीच. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि दोऱ्याचा ताण बदलतो, म्हणून दोऱ्याचं एक टोक स्क्रूला गुंडाळून ठेवा, गाठ मारू नका.

बाकी बारकाव्यांत फार अडकू नका. चुना दिलेले दगड, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव, फाटकाआधीचा ‘सी/फा’ (सीटी/फाटक) फलक, आगीच्या लाल बादल्या, घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा. एवढ्यावर स्टेशन ओळखू येतं. अंतरं मात्र खरी ठेवायला जाऊ नका. डिस्टंट सिग्नल होमपासून निदान एक किलोमीटर. एचओत ते साडेअकरा मीटर होतात, आणि तेवढी खोली परभणीत कुणाकडे असेल तर त्यानं मला बोलवावं. मी होमच्या आधीचा आउटर भिंतीच्या कोपऱ्यात नुसता उभा केलाय, आगाऊ इशाऱ्याचा वॉर्नर गाळलाय. होम आणि स्टार्टर चालते आहेत.

रंग देण्याआधी प्रत्येक सिग्नल पाडा आणि प्लग उपसा. मग पुन्हा पाडा आणि दोरा कात्रीनं कापा. मग नवा दोरा लावून पुन्हा पाडा आणि सांधा बोटानं अर्धवट सरकवा. तिन्ही वेळा हात आपोआप आडवा झाला तरच रंगाचा ब्रश हातात घ्या. दोरा नायलॉनचा घ्या, आणि कापण्यासाठी म्हणून हातभर जास्तच आणा.