हंटिंग्टनचा आजार व घरच्यांचे कर्तव्य

आमच्या सुरतेत हिरे घासणाऱ्या कारागिराचे हात आपोआप हलू लागले, चाल डगमगू लागली, की लोक प्रथम दारूचा संशय घेतात. परंतु तो हंटिंग्टनचा आजारही असू शकतो.

डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले; त्यामागील जनुकदोष १९९३ साली सापडला. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसतात. हे कोणाचे पाप नव्हे, की स्पर्शाने जडणारा रोगही नव्हे.

समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. परंतु अनावर हालचाली व उदासीनता यांवर उपचार आहेत. रुग्णाची चिडचिड हा स्वभाव नसून मेंदूचा विकार होय. म्हणून वाद घालू नये, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, उत्तरास अवसर द्यावा. वजन घटते, घास अडकतो. यास्तव पौष्टिक, मऊ अन्न ताठ बसवून सावकाश भरवावे.

जनुकतपासणी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत होते. मात्र लक्षणे नसलेल्या सज्ञान अपत्याने ती करावी की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्यासही विसावा हवा. आम्ही शेजाऱ्यांनी दुवा तर मागावीच; पण तासभर रुग्णापाशी बसावेही.