पावती आधी, पोतं मागून

अगं, परवा फोनवर सहज बोलून गेलीस, "कांद्याला डीएपी आणलं, पावती नाही दिली, पण दुकानदार ओळखीचाय." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. तुझ्या घरात सगळे बसले होते, म्हणून गप्प राहिले.

तुला हे कधी सांगितलं नाही. नेवाशाला नांदायला आले, त्याच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. दारात खताचा टेम्पो आला, दुकानापेक्षा पोत्यामागं दोनशे रुपये कमी. तुझे दाजी परगावी. मी चार पोती उतरवून घेतली नि उसाला टाकली. महिन्यानं पाणी द्यायला गेले तर सरीत दाणे जसेच्या तसे. चिमटीत धरून चिरडले, नुसती माती! कृषी अधिकाऱ्यांनी पहिलं विचारलं, "बिल?" मग विचारलं, "एखादं न फोडलेलं पोतं?" माझ्याकडं दोन्ही नव्हतं. येताना एसटीत तोंडाला पदर लावून रडले.

बाई, कायदा आहे. 1985 चा खत नियंत्रण आदेश आहे, अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा. साठा आणि भाव फलकावर लिहायचे, घेणाऱ्याला पावती द्यायची, हे दुकानदारावर बंधनकारक आहे. पण तो कायदा आपल्यासाठी भांडणार कशाच्या जोरावर? पावती असली की निरीक्षक नेमक्या त्या दुकानात पोचतो, त्याच मालाच्या बंद पोत्यातून नमुना काढतो, तीन भाग करून सील करतो. पावती नसली की आपण नुसत्या रडणाऱ्या बाया.

दुकानात "मालकांना पाठवा" म्हणाले तर हलू नकोस. आधार घेऊन तूच जा, पॉस मशीनवर तुझाच अंगठा लाव. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, कारण वरचा मोठा खर्च सरकार कंपनीला देतं, आणि ते या मशीनवरच्या विक्रीच्या नोंदीवरून. तुझा अंगठा नसेल तर तुझं पोतं कुणाच्या नावावर गेलं, तूच विचार कर. युरियाबरोबर कुठलीशी बाटली गळ्यात मारत असतील, तर ते लिंकिंग. कृषी खातं दर हंगामात बजावतं की असं करू नका, तरी चालतंच. दबू नकोस. सरळ पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी दे.

पोत्याची शिवण बघत जा. ती मशीनची हवी, हातानं शिवलेली असेल तर शिशाचं सील हवं. आणि घरी एक करून बघ. डीएपीचे चार दाणे तळहातावर घे, तंबाखूसारखा चुना लाव नि चोळ. खरं असेल तर नाकात झणकन जाईल इतका उग्र वास येतो. युरिया जुन्या तव्यावर टाक (भाकरीच्या नको), पार वितळतो, आच वाढवली की मागं काही राहत नाही. एवढ्यानं संशय तेवढा कळतो, सोक्षमोक्ष प्रयोगशाळेतच लागतो.

मी रविवारी येतेच आहे. तुझ्या त्या डीएपीचं एखादं पोतं उरलं असेल तर शिवण उकलू नकोस, पडवीत फळीवर ठेव, ओल लागू देऊ नकोस. आणि उद्या सकाळीच दुकानात जाऊन पावती माग. नाहीच दिली तर सोमवारी आपण दोघी जाऊ.