पक्षाची उमेदवारी, बदली उमेदवार आणि कायदा

निवडणूक म्हटली की मतदानाचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु निवडणुकीतील अनेक वादांचे मूळ त्यापूर्वीच, नामनिर्देशनपत्रे स्वीकारण्याच्या अखेरच्या दुपारी रुजलेले असते. एकाच जागेसाठी पक्षाची दोन पत्रे दाखल होतात, सहीबद्दल शंका निघते किंवा ऐनवेळी उमेदवार बदलला जातो. अशा वेळी कायदा काय पाहतो, हे अधिकारी, पक्षकार्यकर्ते आणि मतदार या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

स्थानिक संस्था आणि पक्ष

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद व महानगरपालिका यांच्या निवडणुका मात्र पक्षचिन्हांवर लढविल्या जातात. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तींनी या संस्थांच्या निवडणुकांचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले. या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. लोकसभा व विधानसभेसाठी १९६८ चा निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश लागू आहे; स्थानिक संस्थांसाठी राज्य आयोगाचे स्वतंत्र आदेश आहेत. उमेदवारीच्या वादांमागील तत्त्व समजण्यास मात्र १९६८ च्या आदेशाची मांडणी उपयोगी पडते.

दोन नमुने

लोकांच्या तोंडी ‘एबी फॉर्म’ असा एकच शब्द असला तरी हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. उमेदवारी देण्याचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्यास आहे हे पक्ष ‘ए’ नमुन्यात कळवितो व त्याच्या सहीचा नमुना देतो. ‘बी’ नमुन्यात तो पदाधिकारी उमेदवाराचे नाव कळवितो. दोन्हींवर शाईची प्रत्यक्ष सही लागते. सहीचा शिक्का चालत नाही. नामनिर्देशनाच्या अखेरच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत ती पोहोचली पाहिजेत.

‘बी’ नमुन्यात मूळ उमेदवाराबरोबर पर्यायी उमेदवाराचेही नाव देता येते. मूळ उमेदवाराचे पत्र छाननीत नाकारले गेले किंवा त्याने माघार घेतली, तरच पर्यायी उमेदवार त्याच्या जागी येतो. त्यासाठी त्याचे स्वतःचे नामनिर्देशनपत्र वैध असावे लागते आणि त्याने माघार घेतलेली नसावी लागते.

उमेदवार बदलताना

पर्यायी उमेदवार निराळा आणि बदललेला उमेदवार निराळा. आधी दिलेली उमेदवारी रद्द करून ती दुसऱ्यास द्यावयाची असेल, तर नवी सूचना त्याच मुदतीत पोहोचली पाहिजे आणि पूर्वीची सूचना रद्द केल्याचा स्पष्ट उल्लेख तीत असला पाहिजे. समजा, पक्षाने सकाळी एकाचे व दुपारी दुसऱ्याचे नाव कळविले, पण पहिले नाव रद्द केल्याचे लिहिले नाही. शेवटचे पत्र ते खरे, असा सर्वसाधारण समज आहे. आदेशातील १३-ए हा परिच्छेद मात्र वेगळे सांगतो. ज्याचे नामनिर्देशनपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रथम दाखल झाले, तोच पक्षाचा उमेदवार ठरतो. एका वाक्याच्या अभावी पक्षाचा हेतू असा निष्फळ होऊ शकतो.

पक्षाचा उमेदवार न ठरलेल्या व्यक्तीपुढे आणखी एक अडचण असते. विधानसभेसाठी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो. इतरांस दहा लागतात. एकाच सूचकाच्या भरवशावर राहिलेल्यास अपक्ष म्हणूनही उभे राहता येत नाही.

अधिकाऱ्याची मर्यादा

तिकीट कोणाला द्यावे हा पक्षाचा अंतर्गत प्रश्न आहे. कोणाची सेवा मोठी, कोणावर अन्याय झाला, याचा निवाडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. सूचना प्राधिकृत व्यक्तीची आहे काय, मुदतीत आली काय आणि तिचा आशय स्पष्ट आहे काय, एवढेच त्याने पाहावयाचे असते. हे अधिकारक्षेत्र अरुंद आहे. म्हणूनच त्यात काटेकोरपणा अपेक्षित आहे.

न्यायालयात केव्हा?

१९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघाच्या पोन्नुस्वामी प्रकरणात मूलभूत निर्णय दिला. निवडणूक म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया. म्हणून नामनिर्देशनपत्र नाकारल्याची तक्रार मध्येच नव्हे, तर निकालानंतर निवडणूक याचिकेद्वारेच करावी, असे त्यात ठरले. स्थानिक संस्थांबाबत हाच निर्बंध संविधानाच्या २४३-ओ व २४३-झेडजी या अनुच्छेदांत आहे. ग्रामपंचायत निवडणुकीतील अशा आदेशाविरुद्ध रिट याचिका चालू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

या धोरणास सबळ कारण आहे. प्रत्येक आक्षेपासाठी निवडणूक थांबली, तर ती कधीच पूर्ण होणार नाही. मात्र या तत्त्वाची किंमतही कोणीतरी मोजतो. ज्याचे पत्र चुकीने नाकारले गेले, त्याला मतदान डोळ्यांदेखत होऊ द्यावे लागते. याचिका यशस्वी झाली तरी तोवर मुदतीचा मोठा भाग सरलेला असू शकतो. पुन्हा निवडणूक घ्यावी लागली तर तिचा भार सर्वांवर पडतो.

दुसऱ्या बाजूचा अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. २०२५ च्या नगरपरिषद व नगरपंचायत निवडणुकांत नामनिर्देशनपत्रांवरील निर्णयांविरुद्ध जिल्हा न्यायालयांत अपिले झाली. काही ठिकाणी त्यांचे निकाल उशिरा लागल्याने २ डिसेंबरचे मतदान २० डिसेंबरवर ढकलावे लागले आणि राज्यभरची मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. मोजक्या ठिकाणच्या वादांमुळे असंख्य मतदारांना निकालाची वाट पाहावी लागली.

दक्षता हाच उपाय

तात्पर्य, नंतरचा न्याय खरा असला तरी विलंबाचा असतो. त्यामुळे मुदतीपूर्वीची दक्षता हाच उत्तम उपाय होय. पक्षांनी शेवटच्या तासाची वाट पाहू नये आणि बदल करताना पूर्वीचे नाव रद्द केल्याचे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. अधिकाऱ्यांनी प्रत्येक पत्रावर प्राप्तीची वेळ नोंदवावी, पोच द्यावी आणि पत्र नाकारताना कारणे लेखी द्यावीत. पुढे न्यायालयापुढे हीच नोंद बोलते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगावी पोहोचविली, तर मतदारांना उमेदवारांतून निवड करण्याचा आपला हक्क कागदाच्या चुकीपायी गमवावा लागणार नाही.